पाणीवालीचा दगड

बसा मंडळी, बसा. इथं बसायचंच असतं. लाजू नका, धाप सगळ्यांनाच लागली आहे. वरच्या थडग्यांना काही घाई नाही. हजारो वर्षं थांबली आहेत, आणखी अर्धा तास थांबतील. पाण्याच्या बाटल्या काढा, टोप्या मात्र काढू नका.

तुम्ही बसलात तो दगड जरा हात फिरवून बघा. चढणीच्या बरोबर मध्यावर, कपारीला पाठ लावून आडवा पडलाय. तासलेला नाही, कोरलेला नाही, त्यावर एक अक्षर नाही. पण मधोमध परातीसारखा खोलगट झालाय आणि इतका गुळगुळीत, की नवा माणूस घसरतो. बसून बसून झिजलाय तो. नाईलच्या या पश्चिम काठावर राजांची नावं कोरलेले शेकडो दगड आहेत. त्यांच्यावर टेकलात तर पहारेकरी शिट्टी मारतो. आणि या एकाच दगडावर न टेकता पुढं गेलात तर तोच पहारेकरी रागावतो. तो बघा खाली, निळ्या झग्यातला, आपला हज्जाजकाका. सगळे बसले का म्हणून मान वर करून बघतोय.

गोष्ट त्याचीच. त्याला त्याच्या बापानं सांगितली, बापाला आजोबानं. एकवीस वर्षं मी ती ऐकतोय आणि दर खेपेला तिच्यात काहीतरी इकडचं तिकडं होतं. आठवते तशी सांगतो.

फार जुन्या काळी, म्हणे, जिवंत माणसं नदीच्या त्या काठावर राहत. या काठावर राहायचे मेलेले, आणि मेलेल्यांची कामं करणारे. डोंगर पोखरणारे, भिंती रंगवणारे, शवपेट्या करणारे, आणि पाणी घालणारे. त्या लोकांचा असा विश्वास होता, की माणसाबरोबर त्याचा एक जोडीदार जन्माला येतो. त्याला ते ‘का’ म्हणत. माणूस मरतो, ‘का’ मरत नाही. तो थडग्यात राहतो आणि त्याला तुमच्या-आमच्यासारखी तहान-भूक लागते. आपण पितरांना वर्षातून एकदा पान वाढतो आणि कावळा शिवला की सुटलो म्हणतो. तिथं रोजचं होतं. रोज पाणी, रोज भाकरी, आणि रोज नाव घेऊन हाक. ज्याचं नाव घेणारं कुणी उरलं नाही, तो दुसऱ्यांदा मरायचा आणि मग कायमचा संपायचा. पहिल्या मरणाची त्यांना फारशी धास्ती नव्हती, त्याची तयारी जन्मभर चाललेली असायची. जीव खाली-वर व्हायचा तो या दुसऱ्या मरणाच्या नावानं.

तर या डोंगराच्या अगदी माथ्याजवळ नख्ती नावाच्या एका अधिकाऱ्याचं थडगं होतं. राजाच्या होड्या त्याच्या हाताखाली असायच्या. हयातीत मोठा माणूस, म्हणून मेल्यावरही उंचावर हवा! मरण्यापूर्वी त्यानं खालच्या एका कुटुंबाला सातूच्या शेताचा एक पट्टा लावून दिला आणि ठरवून घेतलं, की त्या घरच्या माणसानं रोज एक घागर पाणी आणि एक भाकरी वर आणून त्याच्या दारात ठेवायची, जगाच्या अंतापर्यंत. ठरवणाऱ्याचं काय जातं हो, घागर दुसऱ्याच्या डोक्यावर असते.

त्या घरात आजोबानं पाणी वाहिलं, बापानं वाहिलं, मग मुलानं. मुलाचं नाव इपी. इपी छातीच्या दुखण्यानं भर जवानीत गेला. जाताना बायकोचा हात धरून एवढंच म्हणाला, “धन्याचं पाणी चुकवू नकोस.” ती बरं म्हणाली. मरणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? एक मूल झालं होतं, ते राहिलं नव्हतं. घरात ती, घागर आणि तो शब्द, एवढंच उरलं.

तिचं नाव काय होतं, ते या गोष्टीत कुणी सांगत नाही. सगळे तिला पाणीवाली म्हणत. आपणही तेच म्हणू.

पाणीवाली पहाटे उठायची, सातू दळायची, भाकरी भाजायची, कालव्यावर जाऊन घागर भरायची. मग शेतं ओलांडून डोंगराच्या पायथ्याशी, आणि तिथून ही चढण. तुम्ही आत्ता चढलात तीच. तेव्हा पायऱ्या नव्हत्या, नुसती घसरती खडी. वर पोचली की नख्तीच्या खोलीत जायची. आत समोरच्या भिंतीत दगडाचं एक दार कोरलेलं होतं. त्याला चौकट होती, उंबरा होता, फक्त ते उघडत नव्हतं. त्यातून ये-जा करायची ती मेलेल्यानं. दारापुढं दगडाचा पाट, पाण्याला वाट म्हणून त्याला एक पन्हळ. पाणीवाली पाटावर भाकरी ठेवायची, पन्हळीत पाणी ओतायची आणि नवऱ्यानं शिकवलेले शब्द म्हणायची, “हजार भाकरी, हजार घडे बीअर, हजार बैल, हजार हंस, नख्तीच्या ‘का’ला.” हसू नका, त्यांच्यात नैवेद्याला बीअर चालायची. मग बाहेर सावलीत बसून वाट बघायची. धन्याचं जेवून झालं असेल असं वाटलं की ती भाकरी उचलून स्वतः खायची. तशी पद्धतच होती. मेलेला अन्नातलं सत्त्व घेणार, उरलेलं आणणाऱ्यानं खायचं.

सुरुवातीला ती त्याच्याशी दबून वागायची. वर्षं गेली तशी बोलू लागली. “धनी, उठा, तोंड धुवा.” “धनी, आज भाकरी जरा करपलीय, गोड मानून घ्या.” “धनी, यंदा पूर कमी आलाय, सातूची काही खात्री नाही.” दिवसभरात तिच्याशी निवांत बोलणारं दुसरं होतं कोण? दगडाच्या दाराला कान असतात की नाही कोण जाणे, पण ते मधेच तोडत तरी नाही.

अशी चाळीस वर्षं गेली.

चाळीस वर्षं म्हणायला एक क्षण लागतो. पण रोज ही चढण, रोज ही उतरण. ताप आला तरी, पाय मुरगळला तरी, उन्हाळ्यात वाळूचं वादळ डोळ्यांत गेलं तरी. सण नाही, सुट्टी नाही. तिच्या डोक्यावर घागरीच्या चुंबळीनं केस विरळ झाले होते. मान एका बाजूला कलली होती, ती झोपेतही सरळ होत नसे. आणि ती दमली होती. एक झोप काढली की जातो तसला थकवा नव्हता तो. हाडांत उतरलेला, सकाळी डोळे उघडायच्या आधी जाणवणारा. उठताना तिच्या तोंडून पहिला शब्द यायचा तो “देवा, पुन्हा?” आणि मग ती उठायचीच.

आजूबाजूची थडगी तिच्या डोळ्यांदेखत उजाड झाली होती. शेजारच्या दाराशी पाणी घालणारा म्हातारा एक दिवस यायचा थांबला, त्याची मुलं नदीपलीकडे निघून गेली. पुढच्या दाराशी येणाऱ्या दोघी बहिणी पटकीनं गेल्या. त्या खोल्यांत वाळू भरली, वटवाघळं आली. पाणीवाली तिथून जाताना मान खाली घालायची. आत कुणीतरी तहानेनं दुसऱ्यांदा मेलंय, असं तिला वाटायचं. आपला धनी मात्र आहे, आपण आहोत तोवर आहे, या एका गोष्टीवर ती घागर उचलत होती.

मग उजवा गुडघा गेला. पेरण्या आटोपल्या होत्या, त्या सुमाराची गोष्ट. या दगडापाशी ती आली आणि गुडघ्यातून कटकन आवाज आला. ती इथं बसली, बरं वाटेल म्हणून थांबली. पुन्हा उठून बघितलं, पाय टेकवेना. वर बघितलं, अर्धी चढण बाकी. खाली बघितलं, अर्धी उतरण बाकी. ऊन चढत होतं, घशाला कोरड पडली होती आणि मांडीवर भरलेली घागर होती.

तिनं वर तोंड करून शब्द म्हटले, हजार भाकरी, हजार घडे. आणि मग ते पाणी ती स्वतः प्यायली. भाकरी खाल्ली. बसत, सरकत खाली उतरली.

दुसऱ्या दिवशी बरं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती रोज घागर घेऊन निघायची, कण्हत-कुथत इथपर्यंत यायची, इथूनच शब्द म्हणायची, धन्याचं पाणी प्यायची, धन्याची भाकरी खायची आणि रिकामी घागर डोक्यावर घेऊन परत. गावातल्या बाया म्हणायच्या, “धन्य आहे बाई तुझी, या वयात वर जातेस!” पाणीवाली हूं म्हणून पुढं व्हायची. असे सात महिने काढले तिनं. चाळीस वर्षांच्या सेवेत सात महिन्यांची चोरी!

आता तुम्ही म्हणाल, दमलेल्या म्हातारीनं दोन घोट पाणी प्यायलं, त्यात एवढं काय? पण त्यांच्या लेखी फार होतं. मेल्यावर माणसाचं हृदय तराजूत घालतात, समोरच्या पारड्यात एक पीस, आणि बेचाळीस देवांपुढं उभं राहून एकेक गोष्ट नाकारायची असते. मी मारलं नाही, मी रडवलं नाही, मी पाणी अडवलं नाही. त्या यादीतच आहे, मी मेलेल्यांच्या तोंडची भाकरी घेतली नाही. गावात कुणी शेवटचे श्वास घेत असलं की सोबतीला बसलेले त्याला ही यादी म्हणून दाखवत, म्हणजे तिथं गेल्यावर अडखळायला नको. एका दुपारी शेजारीण शेवटच्या घटका मोजत होती, पाणीवाली तिच्या उशाशी बसली होती. यादी त्या वाक्यापाशी आली आणि पाणीवालीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

पण स्वतःचं तिला एवढं वाटलं नाही. माझं हृदय जड निघालं तर निघू दे, म्हणाली, तसंही ते जडच आहे. तिला छळत होता तो दुसराच विचार. सात महिने धनी उपाशी आहे. दाराच्या आत उभा राहून माझ्या पावलांची वाट बघत असेल. का संपलाच असेल एव्हाना? शेजारच्यांसारखा? चाळीस वर्षं जगवला आणि शेवटी मीच मारला?

दुसऱ्या दिवशी ती वर निघाली. घागर नेहमीपेक्षा मोठी घेतली, सात महिन्यांची तहान होती ना. इथवर आली. इथं टेकली नाही. टेकले तर उठणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पुढची चढण तिनं पायांनी केलीच नाही. घागर एक हात पुढं ठेवायची, मग हातांवर जोर देऊन स्वतःला ओढायची. पुन्हा घागर, पुन्हा आपण. सकाळची दुपार झाली. तळहात सोलून निघाले. मधे एकदा घागर कलंडून थोडं पाणी सांडलं, तेव्हा ती लहान पोरीसारखी रडली, म्हणतात.

वर पोचली तर उंबऱ्यावर वाळूचा ढीग. आत दाराच्या कोपऱ्यात गांधीलमाशीनं मातीचं घर केलेलं. पाट धुळीनं माखलेला. पाणीवाली त्या दगडी दारापुढं जाऊन पडली आणि सगळं बोलून मोकळी झाली. “धनी, सात महिने तुम्हाला उपाशी ठेवलं. तुमचं पाणी मी प्यायले, तुमची भाकरी मी खाल्ली. गावात खोटं वागले. माझा पाय चालत नव्हता हो, मी काय करू? मी फार दमलेय धनी. असाल तर काहीतरी बोला. शिव्या घाला, पण बोला.”

दार गप्पच होतं, नेहमीसारखं.

शेजारच्या उजाड थडग्यात त्या दिवशी अमेनवा नावाचा चित्रकार काम करत होता. एका श्रीमंताला नवं थडगं खोदण्यापेक्षा जुनंच रंगवून घेणं बरं वाटलं होतं! रडणं ऐकून अमेनवा धावत आला. हात निळ्या रंगानं भरलेले, कानामागं बोरूची काडी.

“काय झालं आजी? पडलीस काय?”

पाणीवालीनं डोळे पुसले आणि त्याचा हात धरला. “तू लिहिणारा-वाचणारा दिसतोस. दारावर बघ बरं. माझ्या धन्याचं नाव अजून आहे, का गेलं?”

अमेनवाला आधी कळेना. मग उमगलं. तिला वाटत होतं, धनी दुसऱ्यांदा मेला असेल तर दगडावरचं त्याचं नावही पुसलं गेलं असेल. कोरलेलं नाव कसं जाईल, असं तो म्हणणार होता, पण तिचे सोललेले हात बघून त्यानं तोंड आवरलं. फुंकर मारून धूळ उडवली, बोटानं अक्षरं चाचपली. “आहे. नख्ती. हे बघ, इथं. आणि इथंही.”

“आणि खाली?”

खाली चौकटीला हातभर वाळू साचली होती. आजची नव्हे, पिढ्यान्‌पिढ्यांची, दगडासारखी घट्ट झालेली. पाणीवालीनं ती तशीच बघितली होती, इपीनंही. त्या घरात वाचता कुणालाच येत नव्हतं, मग उकरून बघणार कोण? म्हातारीची समजूत पटावी म्हणून अमेनवानं ती दोन्ही हातांनी उपसायला घेतली. खालून अक्षरांच्या चार ओळी निघाल्या. ताज्या, जणू काल कोरलेल्या. अमेनवानं ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं.

“अहो पृथ्वीवर जिवंत असणाऱ्यांनो, या दारावरून जाणाऱ्या वाटसरूंनो, तुमच्या हातात काही असेल तर मला द्या. हातात काही नसेल तर नुसतं तोंडानं म्हणा, हजार भाकरी, हजार घडे बीअर. ही फक्त तोंडाची वाफ आहे. हिच्यानं माझं पोट भरतं आणि तुम्ही काही दमत नाही.”

पाणीवाली म्हणाली, “पुन्हा वाच.”

त्यानं पुन्हा वाचलं.

मग ती जे बोलली, ते हज्जाजकाका सांगतो तेव्हा त्याचाही आवाज चढतो. “दमत नाही म्हणे! चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी घागर आणली आणि तुम्ही दारातून बघत बसलात! नुसत्या तोंडानं भागत होतं तर सांगायचं नाही? इपी गेला घागर वाहून वाहून, त्याचा बाप गेला. माझी मान बघा. माझे केस बघा. अहो, एकदा स्वप्नात येऊन सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?” असं म्हणून तिनं दाराला एक धपका मारला. आणि मग तिला हसू फुटलं. रडत रडत ती हसायला लागली, थांबेचना.

अमेनवा घाबरला. म्हणाला, “आजी, हे तुझ्यासाठी लिहिलेलं नाही. हे वाटेनं जाणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या घराला शेत मिळालंय ना पाण्यासाठी? तुला घागर सुटत नाही.”

“असं होय,” पाणीवाली म्हणाली. “मग शेत घ्या म्हणावं परत. आजपासून मी वाटसरू.”

तिनं आणलेली सगळी घागर पन्हळीत रिकामी केली. आता इथं लोक वेगवेगळं सांगतात. काही म्हणतात, पाणी ओतायच्या आधीच पन्हळ ओली होती. सात महिने वर कुणी आलेलं नाही आणि पन्हळीत ओल. म्हणजे अर्ध्या वाटेवरून म्हटलेले शब्द रोजच्या रोज वर पोचत होते. अमेनवानं सकाळी तिथं कुंचले धुतले असतील, असंही म्हणणारे आहेत. म्हातारीनं त्याला विचारलं नाही. घागर तिनं तिथंच ठेवली आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोकळ्या डोक्यानं खाली आली. अमेनवानं तिला या दगडापर्यंत पाठीवर आणलं.

शेत परत घ्यायला नख्तीचं कुणी उरलं नव्हतं, म्हणून तो पट्टा तिनं शेजाऱ्याच्या हवाली केला, तो तिला रोजची भाकरी द्यायचा. आता घरी स्वस्थ बसावं की नाही? पण तिच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. वाफ पुरते हे खरं, पण वाफ द्यायला वाटसरू तर हवा! माथ्यावरच्या त्या दारावरून जातंय कोण? मी मेले की संपलं.

मात्र या दगडापाशी एक वाट फुटते, ती बघा उजवीकडे. ती डोंगरापलीकडच्या दरीत जाते. तिथं राजांची थडगी खोदायचं काम चाले आणि साठ-सत्तर कामकऱ्यांची टोळी रोज सकाळी इथून जात असे. त्यांचा मुकादम काहा. आवाज फाटका, मन वाईट नव्हतं, पण वेळेचा भारी कडक. खांद्यावर छिन्न्या-हातोडे आणि दिव्यांच्या तेलाचे बुधले घेऊन माणसं एका दमात डोंगर चढायची. वाटेत कुणी टेकलं की काहा ओरडायचा, “ए, बसायला सासरी आलायस काय?”

दुसऱ्या दिवशी टोळी इथं आली तर दगडावर पाणीवाली. शेजाऱ्याच्या गाढवावरून आली होती.

“जरा थांबा रे लेकरांनो,” ती म्हणाली. “माझ्या धन्यासाठी तोंडाची वाफ द्या.”

काहा खेकसला, “म्हातारे, काम आहे आम्हाला.”

“असू दे की. माझा धनी कुणाचं कामच मागत नाही. बसा आणि म्हणा. उभ्यानं म्हटलं तर धाप लागते, शब्द तुटतात, भाकरी अर्धीच पोचते.”

उभ्यानं म्हटलं तर भाकरी अर्धी पोचते, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. काहाला ते समजलं नसेल, असं वाटत नाही. पण मेलेल्याच्या नावानं मागितलेलं नाकारलं आणि तेच उद्या तराजूपुढं निघालं तर? तो चरफडला, म्हणाला, “बसा रे. लवकर आटपा.” सत्तर माणसं खांद्यावरचं ओझं उतरवून बसली. पाठी सरळ झाल्या. कुणी पाणी प्यायलं, कुणी पायातला काटा काढला. मग सगळ्यांनी मिळून म्हटलं, हजार भाकरी, हजार घडे बीअर, नख्तीच्या ‘का’ला.

दुसऱ्या दिवशी काहानं सांगायच्या आधीच माणसं बसली.

असं तीन वर्षं चाललं. पाणीवाली रोज इथं यायची. टोळीतली माणसं तिची थट्टा करायची, “आजी, आज तुझ्या धन्याला कांदा देऊ का तोंडी लावायला?” तीही सोडायची नाही, “दे की, तुझ्या डब्यातला दे.” कुणी जास्त दमलेला दिसला तर शब्द नीट आले नाहीत म्हणून ती सगळ्यांना पुन्हा म्हणायला लावायची, तेवढाच त्याला दम घ्यायला वेळ. अमेनवाही अधूनमधून भिंती रंगवायला टोळीबरोबर असायचा, तेव्हा तिच्या शेजारी टेकायचा. काहा एकटा उभा राहायचा, हाताची घडी घालून, ऊन कुठवर आलं ते बघत. तीन वर्षांत तो एकदाही बसला नाही.

मग एका सकाळी टोळी आली तर म्हातारी मान कपारीला टेकवून डोळे मिटून बसलेली. झोपलीय म्हणून त्यांनी हळू आवाजात म्हटलं. तिनं पुन्हा म्हणायला लावलं नाही, तेव्हा त्यांना कळलं. कलती मान त्या दिवशी सरळ होती, असं सांगतात.

तिला पुरायला कोण होतं? टोळीनंच खाली वाळूत खड्डा केला, चटईत गुंडाळून ठेवली. दगडी दार नाही, पाट नाही, काही नाही. गरिबाला वाळूच.

दुसऱ्या सकाळी टोळी इथं आली, बसली. नख्तीसाठी म्हणून झालं. कुणी उठेना. मग अमेनवा म्हणाला, “आता तिच्यासाठी म्हणू या.” सगळे हो म्हणाले. “हजार भाकरी,” त्यांनी सुरुवात केली, “हजार घडे बीअर…” आणि तिथं अडले. नाव काय? एकमेकांकडे बघू लागले. सत्तर जणांत एकालाही ठाऊक नव्हतं. अमेनवानं तिला पाठीवर आणलं होतं, तीन वर्षं तिच्या शेजारी बसला होता, हाताशी बोरू आणि रंग घेऊन. त्यानं कधी विचारलं नव्हतं. तिनं रोज दुसऱ्याचं नाव त्यांच्या तोंडी घातलं, स्वतःचं एकदाही सांगितलं नाही. आणि नाव नाही म्हणजे त्यांच्या धर्मात सगळंच संपलं. भाकरी पोचवायची कुणाला? गावात विचारून आले. शेजारी म्हणाला, आम्ही पाणीवालीच म्हणायचो. जे नाव जाणत होते ते तिच्या आधी गेले होते.

अमेनवा तोंड झाकून रडायला लागला. ऊन वर चढलं होतं, कामाला केव्हाच उशीर झाला होता. सगळ्यांना वाटलं, आता काहा ओरडणार.

काहा पुढं आला. त्यानं हातातली काठी बाजूला ठेवली आणि या दगडावर, ती बसायची तिथं, बसला. बसताना त्याच्या तोंडून असा आवाज निघाला, की सगळ्यांना पहिल्यांदा कळलं, हाही दमलेला आहे. मग म्हणाला, “हजार भाकरी. हजार घागरी पाणी, दुसऱ्या कुणीतरी भरून आणलेलं. इथं बसली होती तिला.”

सत्तर जणांनी ते त्याच्यामागून म्हटलं.

पुढं काहा गेला, अमेनवा गेला, टोळीही मोडली. राजे संपले. ते देव गेले, दुसरे आले. ती भाषा बोलणारा आज कुणी नाही. नख्तीचं थडगं कुठलं, ते वर कुणालाच दाखवता येत नाही. वाळूनं घेतलं का चोरांनी, कोण जाणे. हज्जाजकाका पाच वेळा नमाज पढणारा माणूस, त्याचा तराजूवर आणि ‘का’वर काडीचा विश्वास नाही. “जुन्या लोकांच्या समजुती,” म्हणतो आणि हात झटकतो.

पण आजही या वाटेनं जाणारा कुणीही, गाढववाला असो, गवताचा भारा घेतलेली बाई असो, की आपल्यासारखा पैसे मोजून धापा टाकायला आलेला असो, या दगडावर टेकल्याशिवाय जात नाही. आणि उठताना ज्याच्या त्याच्या भाषेत म्हणतो, हजार भाकरी, हजार घागरी पाणी, माझ्या आधी इथं बसून गेला त्याला. नाव कुणी घेत नाही. काहाच्या मागून आलेल्यांनी काहासाठी म्हटलं, त्यांच्यासाठी त्यांच्या मागून आलेल्यांनी. हज्जाजचा बाप इथं बसायचा, हज्जाज त्याच्यासाठी म्हणतो. आपण आता उठून वर जाऊ. आपल्यामागून तो बघा, विटा लादलेलं गाढव घेऊन एक जण येतोय. तो इथं बसेल, घाम पुसेल आणि आपल्यासाठी म्हणेल. आपण कोण, कुठले, हे तो विचारणार नाही.

चला, उठू या. त्याला जागा करून द्या.